चासिस बदलायची आहे, पण नंबरचं काय?

प्रश्न : माझ्याकडे २०१७ सालची बोलेरो पॉवर प्लस आहे, खासगी पासिंगची. गेल्या महिन्यात कराडहून पाटणला जाताना वळणावर उसाच्या ट्रॉलीला धडक बसली. माणसं सुखरूप आहेत, पण चासिसची उजवी पट्टी पुढून वाकली आहे आणि मागे पाट्याच्या हँगरपाशी तडा दिसतो. गॅरेजवाले म्हणतात, जुन्या बाजारात २०१४ च्या बोलेरोची चासिस चाळीस हजारांत मिळते, आपला नंबर तिच्यावर पंच करून देतो, आरटीओची भानगड नको. पाच हजार विसारही दिला आहे. विमा फुल आहे, पण अजून कंपनीला कळवलेलं नाही. कर्ज फिटलंय, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच आहे. मोठे बंधू म्हणतात, मागे आपण जीपचं इंजिन बदललं तेव्हा कोणी काही विचारलं नाही, मग चासिसला काय होतंय? कायद्याने नेमकं काय करावं लागतं?
— एक वाचक, कराड तालुका

उत्तर : आधी दोन गोष्टी थांबवा. गाडी खोलायला देऊ नका आणि नंबर पंच करायला तर अजिबात देऊ नका. गाडी आहे त्या अवस्थेत राहिली तर तुमच्या हातात बरेच रस्ते आहेत. एकदा बॉडी उचलली, जुनी पट्टी कापली आणि नंबरचा तुकडा इकडचा तिकडे झाला की त्यातले बहुतेक बंद होतात.

बंधूंच्या मुद्द्यापासून सुरुवात करू, कारण घोळ तिथेच आहे. इंजिन आणि चासिस कायद्याच्या नजरेत सारखे नाहीत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या फेरबदलांचे नियम आहेत. इंजिन बदलण्याचा विचार त्या कलमात नाव घेऊन केलेला आहे. दहा किंवा जास्त व्यावसायिक वाहनं असलेल्या मालकाला त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन आरटीओच्या पूर्वपरवानगीशिवाय बदलण्याची मुभा राज्य सरकार अधिसूचनेने देऊ शकतं. मात्र बदल केल्यापासून १४ दिवसांत आरसीसह आरटीओला कळवावं लागतं. चासिससाठी अशी कुठलीही मुभा कलमात नाही. आणि हो, एका जीपवाल्याने न सांगता इंजिन बदललं तर तेही बेकायदाच. कोणी विचारलं नाही, एवढंच. ती जीप अजून घरात असेल तर तिचंही उरकून घ्या.

कलम ५२(१) सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा फेरबदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र प्रकरणात हेच ठासून सांगितलं आणि केरळ उच्च न्यायालयाचा सैल अर्थ बाजूला ठेवला. आता तुम्ही म्हणाल, मी तशीच चासिस घालतोय, तपशील कुठे बदलला? मुद्दा बरोबर आहे. हुबेहूब तशीच नवी चौकट, म्हणजे चासिस, घातली तर लांबी, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), वजन काहीच बदलत नाही. बदलतो तो नंबर, आणि नंबरासाठी कलम ५५(५) आहे. गाडीवर कोरलेला चासिस नंबर किंवा इंजिन नंबर आरसीतल्या नंबराशी जुळत नाही अशी आरटीओची खात्री पटली, तर मालकाला म्हणणं मांडायची संधी देऊन नोंदणी रद्द करायची आहे. कलमात शब्द ‘करू शकेल’ असा नाही, ‘करील’ असा आहे. म्हणजे इन्स्पेक्टर साहेब कितीही भले असले तरी एकदा तफावत कागदावर आली की त्यांचे हात बांधलेले. अशा आदेशावर कलम ५७ खाली ३० दिवसांत अपील करता येतं, पण अपिलात दाखवायला पूर्वपरवानगीचा कागद लागतो, आणि तोच तुमच्याकडे नसेल.

‘मग आपलाच जुना नंबर नव्या पट्टीवर पंच केला की तफावतच राहत नाही’, हा गॅरेजवाल्यांचा युक्तिवाद. वरवर बिनतोड वाटतो. प्रत्यक्षात आतापर्यंत जी फक्त नोंदणीची भानगड होती ती इथे फौजदारी होते. दुसऱ्या गाडीच्या चौकटीवरचा नंबर घासून आपला ठोकणं म्हणजे त्या लोखंडाची ओळख पुसणं. ती चौकट चोरीच्या गाडीची निघाली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७(२) लागतं: चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसं मानायला सबळ कारण असताना, अप्रामाणिकपणे घेतला तर तीन वर्षांपर्यंत कैद. ‘मला माहीत नव्हतं’ म्हणता येईल, पण बिल नाही, विकणाऱ्याचा पत्ता नाही आणि नंबर घासलेला, अशा वेळी ‘सबळ कारण’ नव्हतं हे कोर्टात पटवणं अवघड आहे. शिवाय बनावट नंबराच्या गाडीवर विम्याचा दावा केला किंवा ती पुढे विकली, की फसवणुकीचं कलम वेगळं. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं १८२-ए(४) आहेच: नियमाबाहेरच्या प्रत्येक फेरबदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. लोक यातला पाच हजारांचा आकडा ऐकून हसतात आणि बाकीचं वाचत नाहीत.

पकडलं कसं जातं

गॅरेजवाले म्हणतील, कोणाला कळणार आहे? कळतं. बोलेरोसारख्या शिडीच्या चौकटीच्या गाडीत नंबर लाँग मेंबरवर, म्हणजे लांब पट्टीवर कोरलेला असतो. पासिंगला इन्स्पेक्टर त्यावर कागद धरून पेन्सिल घासतो, ती चासिस प्रिंट. कारखान्यातल्या मशीनने मारलेल्या अक्षरांची खोली, उंची आणि मधलं अंतर एकसारखं असतं. हातोडी आणि सुट्या पंचांनी मारलेली सतरा अक्षरं कितीही सरावाच्या हाताने मारली तरी एखादं ‘८’ खोल जातं, एखादं ‘१’ तिरकं बसतं, ओळ खालीवर होते. पेन्सिल प्रिंटवर ते डोळ्यांपेक्षा जास्त स्पष्ट उमटतं. नंबराच्या जागेची जाडी ग्राइंडरने कमी झालेली असते, बोट फिरवलं तरी खड्डा लागतो. काही जण घासण्याऐवजी नंबराचा तुकडाच कापून नव्या पट्टीत वेल्डिंगने बसवतात. समोरून पुटिंग आणि रंग मारून सफाई करतात, पण पट्टीच्या आतल्या बाजूला हात घातला की वेल्डिंगचा कणा हाताला लागतो. आरशाचा एक तुकडा आणि टॉर्च असला की पुरे.

त्यापुढची पायरी न्यायवैद्यक प्रयोगशाळेची. नंबर ठोकताना अक्षराखालचं पोलाद खोलवर दाबलं जातं आणि त्या दाबाची खूण अक्षर घासून टाकलं तरी धातूत राहते. पृष्ठभाग गुळगुळीत करून त्यावर तांब्याचं क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं द्रावण पुसत गेलं की दाबलेला भाग आणि न दाबलेला भाग वेगवेगळ्या वेगाने खाल्ला जातो, आणि जुना नंबर पुन्हा दिसायला लागतो. म्हणजे तुमच्या नंबराच्या खालून २०१४ च्या गाडीचा नंबर वर येणार. तिथून मूळ मालक शोधायला पोलिसांना संगणकावर वेळ लागत नाही.

नंबर वाचता येणंही उपयोगाचं आहे, म्हणून थोडं सांगतो. आजच्या भारतीय गाड्यांचा नंबर सतरा अक्षरांचा असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, एक आणि शून्याशी गल्लत नको म्हणून. महिंद्राचा नंबर ‘एमए१’ने, टाटाचा ‘एमएटी’ने, मारुतीचा ‘एमए३’ने सुरू होतो. दहावं अक्षर बहुतेक उत्पादक वर्षासाठी वापरतात: २०१४ ला ‘ई’, २०१६ ला ‘जी’, २०१७ ला ‘एच’. तुमची गाडी २०१६ च्या शेवटी बनून २०१७ मध्ये नोंदली असेल तर ‘जी’ दिसेल, त्यात काही वावगं नाही.

२०१४ ची चासिस तुमच्या गाडीची नाहीच

हा मुद्दा कायद्याचा आहे आणि मिस्त्रीकामाचाही. पॉवर प्लस २०१६ मध्ये आली तीच मुळी चार मीटरच्या आत बसवलेली, ३९९५ मिलिमीटर. त्याआधीची बोलेरो चार मीटरहून लांब होती. इंजिनही वेगळं. तेव्हा २०१४ ची चौकट घालायची म्हणजे टोकाला कापाकापी, इंजिनाच्या बैठका नव्याने वेल्ड करणं, ब्रॅकेटं हलवणं आलं. मग ती ‘तशीच चासिस’ राहत नाही आणि कलम ५२(१) सरळ लागू होतं. परवानगी मागितलीत तरी मिळणार नाही. नावात बोलेरो आहे म्हणून चासिस एक, असं समजू नका. पार्ट नंबर जुळला तरच ती तुमची.

जुन्या बाजारातल्या चौकटीबद्दल आणखी एक. रीतसर भंगारात काढलेल्या गाडीचे सुटे भाग विकता येतात, पण नोंदणीकृत भंगार केंद्रांसाठी २०२१ चे नियम आहेत. केंद्राने गाडीचा चासिस नंबराचा तुकडा कापून काढायचा आणि भंगार प्रमाणपत्र दिल्यापासून सहा महिने सांभाळून ठेवायचा. म्हणजे रीतसर मार्गाने आलेल्या चौकटीवर नंबराची जागा कापलेली दिसायला हवी. अख्ख्या नंबरासह, किंवा नंबराच्या जागी ताजा काळा रंग मारून एखादी चौकट बाजारात उभी असेल, तर ती कुठून आली हा प्रश्न तुम्ही विचारलाच पाहिजे.

बदलायलाच हवी का?

हे गॅरेजने नाही, मोजमापाने ठरवायचं. गाडी सपाट फरशीवर उभी करा. चौकटीवरची दोन्ही बाजूंची सारखी छिद्रं निवडा, पुढून मागे चार-पाच जोड्या, आणि प्रत्येकातून ओळंबा सोडून फरशीवर खडूने खूण करा. गाडी ढकलून बाजूला घ्या आणि खुणांचे कर्ण मोजा. डाव्या पुढच्यापासून उजव्या मागच्यापर्यंतचं अंतर आणि उलट बाजूचं अंतर यांत फरक आला तर चौकट तिरपी झाली आहे. कुठल्या जोडीपाशी फरक सुरू होतो ते पाहिलं की वाकलेला भाग सापडतो. किती फरक चालतो तो आकडा कंपनीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असतो. अधिकृत सेंटरकडून लेखी घ्या. नुसतं वाकणं, ज्यात पट्टीला घडी पडलेली नाही, ते फ्रेम मशीनवर ओढून सरळ करता येतं, तेही थंड अवस्थेत. गॅसच्या ज्योतीने लालबुंद करून वाकवणारा मिस्त्री दिसला तर गाडी परत आणा. हे जास्त ताकदीचं पोलाद असतं, तापवलं की ताकद जाते आणि सहा महिन्यांनी तडा बरोबर तिथेच येतो. पट्टीला घडी पडली असेल, कागद दुमडावा तशी, तर ओढून उपयोग नाही.

हँगरपाशीचा तडा बहुधा धडकेचा नाही, जुना असावा. तड्याच्या आत गंज दिसतो का पाहा. गंज असेल तर तो वजनाचा आणि खड्ड्यांचा तडा, आणि विम्याचा सर्वेक्षक त्याचे पैसे देणार नाही. त्यावर तो अडून बसला तर वाद घालू नका. असा तडा दुरुस्त होतो. तड्याचं खरं टोक शोधायचं. डोळ्यांना दिसतं त्याच्या पुढे तो गेलेला असतो, म्हणून लाल रंगाच्या पेनिट्रंट, म्हणजे बारीक भेगेत शिरणाऱ्या, स्प्रेने तपासायचं. टोकाला छोटं छिद्र पाडायचं म्हणजे तडा पुढे पळत नाही. मग व्ही आकाराची खाच करून ७०१८ नंबराच्या कोरड्या वेल्डिंग रॉडने आरपार वेल्डिंग, आणि वरून टोकं निमुळती केलेली पट्टी. पट्टीची टोकं काटकोनात सरळ कापली तर ताण त्याच रेषेवर गोळा होतो आणि नवा तडा तिथून जातो. वरच्या-खालच्या कडांना छिद्रं पाडायची नाहीत. वेल्डिंगआधी बॅटरीची तार आणि ईसीएमचा, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचा, सॉकेट काढायचा, नाहीतर चाळीस रुपयांच्या वेल्डिंगपायी ईसीएम जायचा.

दुरुस्तीचा कायदेशीर फायदा असा, की चौकट तीच, नंबर तोच, आरसीत काहीच बदलत नाही, म्हणून आरटीओच्या फेरबदल-नोंदीचा प्रश्नच येत नाही. नंबर असलेल्या भागाला मात्र ग्राइंडर लावू देऊ नका, आणि काम सुरू करण्याआधी त्या जागेचे फोटो आणि दोन पेन्सिल प्रिंट काढून ठेवा. दुसऱ्या गाडीची अर्धी चौकट कापून जोडणं मात्र दुरुस्तीत मोडत नाही, कोणी काहीही सांगो.

बदलावीच लागली तर

क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेकांची चूक कागदात नसते, क्रमात असते.

पहिला फोन विमा कंपनीला. एक महिना गेलाय, उशीर झालेलाच आहे, कारणासह लेखी कळवा. सर्वेक्षकाने गाडी न खोललेल्या अवस्थेत पाहिली पाहिजे. मग अधिकृत सेंटरचं अंदाजपत्रक घ्या आणि त्यातच ‘चौकट दुरुस्त होण्याजोगी नाही, बदलणं आवश्यक’ असं मोजमापांसह लिहून घ्या. पुढच्या प्रत्येक टेबलावर हाच कागद लागतो.

इथे एक हिशेब करून पाहा, कारण त्यावर सगळा निर्णय फिरतो. धातूच्या भागांवर घसारा कापला जातो: पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के, दहाच्या पुढे ५० टक्के. रबर-प्लॅस्टिकला ५० टक्के. म्हणजे लाख रुपयांचं लोखंड बदललं तर साठ हजारच मिळतात, बाकी तुमच्या खिशातून. दुसरं म्हणजे, दुरुस्तीचा एकूण खर्च गाडीच्या विमाकृत मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी ‘टोटल लॉस’, म्हणजे दुरुस्तीपलीकडे गेलेली, धरतात. समजा तुमच्या पॉलिसीत मूल्य चार लाख आहे, तर तीन लाखांची रेषा. नवी चौकट, तिच्यावर सगळी गाडी उतरवून पुन्हा चढवण्याची मजुरी, बुश, पाइप, वायरिंग, पुढचा पत्रा हे धरलं की जुन्या बोलेरोत ही रेषा ओलांडली जाणं अगदी शक्य आहे. आमचं मत स्पष्ट आहे: रेषा ओलांडत असेल तर चासिस बदलण्याच्या नादी लागू नका, टोटल लॉस घ्या. आठ-नऊ वर्षांच्या गाडीत नवी चौकट घालून ती विकायला काढली तर आरसीवरची नोंद पाहून गिऱ्हाईक भाव पाडतंच.

टोटल लॉस घेतलात तर आरसीचं काय करायचं हे नीट लक्षात ठेवा. कलम ५५ प्रमाणे कायमची निकामी झालेली गाडी १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते. मोडीत घेणारे बरेचदा म्हणतात, ‘आरसी राहू द्या, आम्ही बघतो.’ त्यांना मोडीतल्या लोखंडापेक्षा आरसी आणि नंबराचा तुकडा जास्त मोलाचा असतो. तोच नंबर उद्या एखाद्या चोरीच्या बोलेरोवर बसतो आणि नोटीस तुमच्या घरी येते. एक तर नोंदणी रद्द झाल्याचा कागद हातात घ्या, नाहीतर गाडी रीतसर नावावर करून द्या. तिसरा पर्याय नाही.

खर्च रेषेच्या आत असेल आणि बदलायचंच ठरलं, तर आता बँकेचं नाव काढा. बँकेकडून कर्ज फिटल्याचा दाखला आणि सही-शिक्क्यासह फॉर्म ३५ घ्या, आरटीओत बोजा उतरवा. बँकेचं नाव असताना मोठा फेरबदल करायला तिची लेखी संमती लागणार आणि दावा मंजूर झाला तर धनादेशही बँकेच्या नावाने निघायची शक्यता. कर्ज फिटलेलं असताना हा वनवास कशाला?

मग आरटीओत अर्ज, काम सुरू करण्यापूर्वी. तुमची गाडी कराडला नोंदलेली असेल तर कराडचंच कार्यालय. अर्जासोबत आरसी, विमा, पीयूसी, ओळख आणि पत्त्याचा पुरावा, अधिकृत सेंटरचा वरचा कागद, सर्वेक्षकाचा अहवाल, अपघाताची पोलिसांतली नोंद असेल तर तिची प्रत, जुन्या नंबराची पेन्सिल प्रिंट आणि फोटो जोडा. गाडी चोरीच्या नोंदीत नसल्याचा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा दाखला ऑनलाइन मिळतो, तो मागण्याची वाट न बघता आधीच काढून लावा. आणि अर्जात ठळकपणे विनंती करा की इन्स्पेक्टरने जुन्या चौकटीवरचा नंबर गाडी खोलण्यापूर्वी स्वतः पाहून तशी नोंद करावी. हे एक वाक्य पुढचे सहा महिने वाचवतं, कारण चौकट बदलून झाल्यावर ‘जुनी खरंच तुमचीच होती’ हे सिद्ध करायला काहीच उरत नाही.

नवी चौकट फक्त अधिकृत विक्रेत्याकडून, जीएसटी बिलावर, पार्ट नंबरासह. ऑर्डर देण्यापूर्वी लेखी विचारा की ती कोरी येणार की तिच्यावर कंपनीचा वेगळा नंबर असणार. कारण दोन्हींत पुढचा रस्ता वेगळा. कोरी असेल तर तुमचाच जुना नंबर तिच्यावर मारायचा की काय, कुठे आणि कोणासमोर, हे आरटीओच्या लेखी आदेशात यायला हवं. नंबर छापलेली असेल तर तो नवा नंबर आरसीत आणि ‘वाहन’ या आरटीओच्या संगणक प्रणालीत चढवायचा आदेश हवा. तोंडी ‘हो, मारून घ्या’ याला काडीची किंमत नाही; साहेबांची बदली होते, पंच केलेला नंबर तसाच राहतो. एजंटाने आणलेल्या परवानगीवर जावक क्रमांक आणि तारीख आहे का, ते कार्यालयात जाऊन एकदा स्वतः पडताळा.

काम झाल्यावर गाडी पुन्हा तपासणीला न्यायची, आणि बदलाची नोंद १४ दिवसांच्या आत होईल असं पाहायचं. जुनी चौकट भंगारवाल्याला तशीच देऊ नका. तिच्यावरचा नंबर आरटीओ सांगेल तसा नष्ट करा, शक्यतो सेंटरकडूनच, आणि त्याचे फोटो व सेंटरचं पत्र फाइलला ठेवा.

शेवटी नव्या नंबराचा माग काढत जायचं, जर नंबर बदलला असेल तर. विमा पॉलिसीवर दुरुस्ती म्हणजे एंडॉर्समेंट घ्या. आरसी सुधारली आणि पॉलिसीत जुनाच नंबर राहिला, ही सगळ्यात जास्त होणारी चूक, आणि ती कळते थेट पुढच्या दाव्याच्या वेळी. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट वाहन प्रणालीशी जोडलेली असते, फास्टॅगही आरसीच्या तपशिलावर दिलेला असतो. आणि परिवहनच्या संकेतस्थळावर कुठलंही काम करायला चासिसचे शेवटचे पाच आकडे टाकावे लागतात. तिथे जुने आकडे चालत असतील तर समजा, नोंद अजून झालेलीच नाही.

नंबराची जागा गंजून अक्षरं वाचता येत नसतील तर, बोलेरो जुनी आहे म्हणून सांगून ठेवतो, घासू नका. रॉकेलमध्ये बुडवलेलं फडकं आणि मऊ ब्रश, त्यावर खडू घासून बघा. तरीही वाचता आला नाही तर बॉनेटखालच्या कंपनीच्या पट्टीवरचा नंबर आणि सेंटरचं पत्र घेऊन आरटीओकडेच जायचं. पुन्हा पंच करण्याची परवानगी तिथेही लेखीच लागते.

राहिला तुमचा पाच हजारांचा विसार. विकणाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून तीन गोष्टी मागा: जीएसटी बिल, ही चौकट ज्या गाडीची आहे तिचा नोंदणी क्रमांक, आणि ती गाडी रद्द झाल्याचा किंवा भंगार केंद्राचा दाखला. सरळ माणूस असेल तर देईल. मग तुम्हाला सांगता येईल की २०१४ ची चौकट माझ्या गाडीला बसत नाही, पैसे परत करा. टाळाटाळ करू लागला तर त्याच मेसेजखाली सौदा रद्द केल्याचं लिहा आणि पैसे ऑनलाइनच परत मागा. नाही आले तर पाच हजारांवर पाणी सोडा, पण ‘निदान माल तरी घेऊन जा’ म्हणून तो चौकट तुमच्या अंगणात टाकायला निघाला तर टेम्पो फाटकातूनच परत पाठवा.